एकसष्ट बरण्या आणि एक सही

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे सत्तर, अविवाहित, महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागातून प्रयोगशाळा सहायक म्हणून निवृत्त झालेली, आज सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून, कोणाच्याही दबावाखाली नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डाव्या गुडघ्याबद्दल तसे म्हणता येणार नाही, पण मृत्युपत्राला गुडघा लागत नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात त्यांनी गुडघ्याचाही सविस्तर उल्लेख केला आहे, तो त्यांचा उत्साह समजावा.

कलम १. सहा वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते या कागदाने पूर्णपणे रद्द होत आहे. त्यात मी माझ्या धाकट्या भावाला सांगितले होते की, मी गेल्यावर मागच्या खोलीतला पडदा बाजूला करावा, तिथे जे दिसेल त्याबद्दल कोणाकडे चकार शब्द काढू नये, आणि एखाद्या होडीवाल्याला गाठून सगळे खोल पाण्यात सोडून द्यावे. असे का करायचे, ते लिहिले नव्हते. लिहिण्याचे धैर्य नव्हते. आज आहे, म्हणून हे दुसरे मृत्युपत्र पहिल्यापेक्षा बरेच लांब होणार आहे. वाचणाऱ्याने खुर्ची ओढून बसावे.

कलम २. पडद्यामागे काय होते ते आता उघड सांगते. शंखात राहणाऱ्या खेकड्यांचे, ज्यांना काही जण संन्यासी खेकडे म्हणतात त्यांचे, स्पिरिटमध्ये जतन केलेले साठ नमुने तिथे होते. मुळात एकसष्ट. ते माझे नाहीत, महाविद्यालयाचे आहेत. जे आपले नाही ते मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही. त्यामुळे मी ते देत नाही. परत करते.

मी एकोणिसाव्या वर्षी विभागात काचा धुवायला लागले. तेव्हा समुद्री जीव शिकवायला ज्या प्राध्यापिका होत्या त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. हा खेकडा पुढून चिलखत घातलेला असतो आणि मागून अगदी मऊ, वळलेला, सोलल्यासारखा. म्हणून तो मेलेल्या गोगलगायीच्या रिकाम्या शंखात मागचे अंग खुपसून राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. विद्यार्थ्यांना शिकवायचे तर ते मऊ अंग दाखवायला हवे, आणि त्यासाठी तो शंखातून अखंड बाहेर यायला हवा. पहिल्याच आठवड्यात मी एकाला चिमट्याने ओढायला गेले. मोठ्या बाईंनी माझे मनगट धरले.

“ओढू नकोस. तो मधोमध तुटेल, पण शंख सोडणार नाही. आधी त्याला गुंगी येऊ दे.”

थंड केलेले समुद्राचे पाणी, त्यात लवंगेच्या तेलाचे थेंब, आणि मग बसून राहायचे. कधी तास, कधी तीन तास. शेवटी तो सैल पडला की ओल्या कुंचल्याने शंखाच्या वळणाच्या दिशेने हलकेच फिरवायचे. जगात घाई करून बिघडणारी कामे पुष्कळ आहेत, पण इतक्या लगेच बिघडणारे दुसरे काम मी पाहिले नाही.

तेवीस वर्षांत आम्ही दोघींनी एकसष्ट नमुने केले. डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या, अजून शंख न मिळालेल्या पिल्लांपासून मुठीएवढ्या म्हाताऱ्यापर्यंत. एक शंखावर समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री जीव, वाढवलेला. एक शंखाऐवजी टूथपेस्टच्या ट्यूबच्या झाकणात राहिलेला. आणि क्रमांक एकोणीस, ज्याच्या शंखाला मी बारीक कानशीने घासून खिडकी केली आहे, म्हणजे खेकडा आत शेपटीने कसा धरून बसतो ते बाहेरून दिसते. त्या खिडकीपायी आठ शंख फुटले. नववा झाला तेव्हा मोठ्या बाईंनी वर्ग अर्धवट सोडून येऊन तो पाहिला आणि लेबलावर स्वतःच्या नावाशेजारी माझे नाव लिहिले. त्या आज नाहीत. माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा दिवस तोच.

कलम ३. या कलमात माझा गुन्हा आहे. निदान अकरा वर्षे मी त्याला गुन्हा समजत होते.

अकरा वर्षांपूर्वी विभागाला नवे प्रमुख आले. सगळे त्यांना नवे साहेब म्हणत. ते निवृत्त झाले तेव्हाही नवेच होते. विभाग तिसऱ्या मजल्यावर हलणार होता. साहेबांचे म्हणणे असे की, या वासाने मुलांचे डोळे झोंबतात, जिन्यावरून नेताना काच फुटेल, आणि आता प्रोजेक्टरच्या पडद्यावर सगळे मोठे करून दाखवता येते. यातले एकही वाक्य धडधडीत खोटे नव्हते, हीच अडचण होती. मी म्हणाले की डोळ्यांना झोंबते ते फॉर्मॅलिन, आमचे खेकडे स्पिरिटमध्ये आहेत. त्यांनी ते लिहून घेतले. तरीही समितीचे पत्र आलेच. जुने नमुने निर्लेखित करून, म्हणजे नोंदीतून कमी करून, आठ दिवसांत नष्ट करावेत, आणि प्रयोगशाळा सहायक व स्टोअरकीपर या दोघांच्या सहीचा दाखला द्यावा.

त्याच संध्याकाळपासून मी बरण्या घरी न्यायला सुरुवात केली. रोज दोन खेपा, दर खेपेला चार-पाच बरण्या, जुन्या टॉवेलांत गुंडाळून, बाजाराच्या पिशवीतून, बसने. एकदा कंडक्टरने विचारले की एवढे काय किणकिणते आहे. मी म्हणाले, औषधाच्या बाटल्या. एकट्या माणसाला एवढी औषधे, असे म्हणून त्याने मला बसायला जागा करून दिली. खोटे बोलून मिळालेली ती माझी पहिली जागा.

स्टोअरकीपर हे सगळे पाहत होते. रोज कपाट रिकामे होताना त्यांना दिसत होते. माझे दोन्ही हात भरलेले असले की ते दार धरून उभे राहत. आठव्या दिवशी दुपारी चार वाजता त्यांनी दाखला माझ्या पुढ्यात ठेवला. माझे डोळे भरून आले होते. ते त्यांना दिसू नयेत म्हणून मी मान खाली घालून झटकन सही केली. एकसष्ट नमुने नष्ट केले असे मी लिहून दिले, आणि ते एकसष्टच्या एकसष्ट माझ्या मागच्या खोलीत, चपलांच्या दुकानातून घेतलेल्या जुन्या मांडण्यांवर ओळीने बसले होते.

त्यानंतर मला शांत झोप लागली नाही. दारावर थाप पडली की आधी मागच्या खोलीचा पडदा नीट ओढून घ्यायचे. निवृत्तीच्या समारंभात प्राचार्यांनी माझ्या प्रामाणिकपणाबद्दल चार वाक्ये काढली, तेव्हा हातातला गुच्छ खाली ठेवून पळून जावे असे वाटले. सगळ्यात वाईट म्हणजे मी स्टोअरकीपरांना टाळू लागले. माझ्यामुळे त्यांना खोट्या कागदावर सही करावी लागली, पुढेमागे उघडकीला आले तर त्यांचेही निवृत्तिवेतन जाईल, या विचाराने मला त्यांच्याकडे बघवत नसे. रस्त्यात दिसले तर मी पलीकडच्या बाजूला जात असे. सोळा वर्षे आम्ही दुपारचा डबा एकत्र खाल्ला होता. त्यांची पत्नी वारली तेव्हाही मी भेटायला गेले नाही. या मृत्युपत्रात ज्याची भरपाई करता येत नाही अशी गोष्ट ही एवढीच आहे.

नमुन्यांची देखभाल मात्र चुकवली नाही. वर्षातून दोनदा स्पिरिटची पातळी पाहायची, झाकणे मेणाने बंद करायची. तिसऱ्या वर्षी क्रमांक चौतीस, तो झाकणातला, माझ्या हातून निसटला आणि फरशीवर पडून त्याचा चुरा झाला. म्हणजे दाखला एकसष्टांशाने तरी खरा ठरला, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्या दिवशी जेवण गेले नाही.

कलम ४. चार महिन्यांपूर्वी, भर दुपारी, एक तरुण बाई दारात उभ्या राहिल्या. काखेत विभागाचे डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही, होते. मी ते लांबूनच ओळखले, त्याचा पुठ्ठा मीच चिकटवला होता. मला वाटले, आले बोलावणे. मी त्यांना बसा म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचे आधण ठेवले.

त्या विभागात नव्याने आलेल्या प्राध्यापिका. यापुढे त्यांना नव्या बाई म्हणते. त्यांनी रजिस्टर उघडून माझ्या अक्षरातली पाने दाखवली, एकसष्ट नोंदी, प्रत्येकीवर “नष्ट” असा शिक्का. पण त्या पकडायला आलेल्या नव्हत्या. मुले पडद्यावर खेकडा बघतात आणि परीक्षेत त्याचे मागचे अंग सरळ काढतात, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. त्यांनी स्वतः तीन खेकडे बाहेर काढायचा प्रयत्न केला होता आणि तिन्ही तुटले होते. ते कसे करायचे, एवढेच त्यांना माझ्याकडून शिकायचे होते.

मी थंड पाण्याचे सांगितले, तेलाचे सांगितले. त्या लिहून घेत होत्या. मग पेन थांबवून त्यांनी विचारले, “मावशी, हे सगळं तुम्हीच केलं आणि तुम्हालाच नष्ट करायला लावलं. कसं केलंत हो?”

अकरा वर्षांत मला हे कोणी विचारले नव्हते. विचारणार कोण? मी उठले, मागच्या खोलीत गेले आणि पडदा ओढला.

त्या मग रजिस्टर घेऊन आत आल्या आणि पहिल्या बरणीपासून एकेक लेबल वाचत नोंदीपुढे पेन्सिलीने खूण करू लागल्या. क्रमांक एकोणीसपाशी खाली बसल्या. शेवटी म्हणाल्या, “साठ आहेत.”

“एक फुटली,” मी म्हणाले, आणि मग मला जे रडू आले ते त्या एकीसाठी होते की साठांसाठी, ते सांगता येणार नाही.

कलम ५. नव्या बाईंना नमुने वर्गात हवे होते. मलाही ते तिथेच हवे होते. पण माझ्या सहीबरोबर दुसऱ्याचीही सही होती, आणि त्या माणसाला न विचारता मी पुढे पाऊल टाकणार नव्हते. दुसऱ्या दिवशी मी स्टोअरकीपरांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडले. केस सगळे पांढरे झालेले. मी उभ्या उभ्याच बोलून टाकले. नमुने माझ्याकडे आहेत, मी खोटी सही केली, तुम्हालाही करायला लावली, आता मला खरे सांगायचे आहे, तुमची परवानगी हवी.

ते मग आत गेले, खाटेखालची पेटी ओढल्याचा आवाज आला, आणि दाखल्याची कार्बन प्रत घेऊन बाहेर आले.

“वाचा,” म्हणाले.

त्यात लिहिले होते की, सदर एकसष्ट नमुने विभागाच्या इमारतीबाहेर काढून पुढील व्यवस्थेसाठी प्रयोगशाळा सहायकांच्या ताब्यात देण्यात आले आहेत. खाली दोन सह्या. “नष्ट” हा शब्द त्या कागदावर कुठेही नव्हता. मी दोनदा वाचले, तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचले.

“तुम्ही तेव्हा वाचलं नव्हतं?” त्यांनी विचारले.

“नाही.”

“अकरा वर्षं?”

मी मान हलवली. त्यांनी तो मजकूर मुद्दाम तसा लिहिला होता. ऑफिसनेही तो वाचला नाही आणि शिक्का मारून मोकळे झाले. तो दाखला वाचलेला जगात एकच माणूस होता, तो म्हणजे लिहिणारा. त्यांना वाटले होते की मी वाचून, समजून सही केली, आणि मग बोलणे सोडले. “म्हटलं, आपली चलाखी यांना पटली नाही. मग कशाला तोंड दाखवा,” ते म्हणाले. तेही मला बघून रस्ता बदलत होते. एकदा म्हणे आम्ही दोघांनी एकाच वेळी रस्ता बदलला आणि पुन्हा समोरासमोर आलो. ते मला आठवत नव्हते, आता आठवते.

मी त्यांच्या पत्नीबद्दल बोलले. उशीर झाला होता, पण बोलले. ते चहा टाकायला गेले.

त्या दिवशी घरी येताना मी रस्त्याच्या मधोमध चालत होते. पाठीवरून काहीतरी उतरले आहे आणि चालताना तोल सावरायला नव्याने शिकायचे आहे, असे वाटत होते. आताच्या प्राचार्यांनी ती प्रत वाचली, अकरा वर्षे देखभाल कोणी केली असे विचारले, आणि उत्तर ऐकून तेच वाक्य रजिस्टरमध्ये लिहायला लावले. अठ्ठेचाळीस बरण्या विभागात पोहोचल्या आहेत. बारांची झाकणे नव्याने मेण लावायची म्हणून माझ्याकडे आहेत. ते काम व्हायच्या आत मी गेले, तर त्या बारा उभ्याच, न हेलकावता, नव्या बाईंकडे न्याव्यात.

स्टोअरकीपर या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असे वकिलांनी सांगितले आहे. म्हणून त्यांना मी काहीही ठेवत नाही. त्यांना द्यायचे ते हयातीतच देणे सुरू आहे. दुपारचा डबा आम्ही पुन्हा एकत्र खातो.

कलम ६. नव्या साहेबांवरचा राग. ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे आणि तिची विल्हेवाट लावण्याचा मला पूर्ण अधिकार आहे. गेल्या महिन्यात ते डॉक्टरांकडे बाकावर शेजारी बसलेले भेटले. त्यांचे दोन्ही गुडघे गेले आहेत. मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी हळूच विचारले, “तो खिडकीवाला आहे अजून?” म्हणजे त्यांनी तो कधीतरी नीट पाहिला होता. हे मला माहीत नव्हते. त्या एका प्रश्नासाठी माझ्या रागाचे तीन हिस्से मी त्यांना माफ करते. उरलेला चौथा हिस्सा मी बरोबर नेणार आहे, त्यावर कोणी हक्क सांगू नये.

कलम ७. माझे चिमटे, कुंचले, सुया, तिन्ही कानशी आणि हिरव्या पुठ्ठ्याची प्रमाणांची वही नव्या बाईंना द्यावी. वहीतले बाविसावे पान चुकीचे आहे. ते फाडू नये. काय चुकले ते शेजारी लिहिले आहे, आणि चुकलेले पान वाचूनच जास्त शिकता येते. सगळ्यात लहान कुंचल्याचे केस गळत आले आहेत, तरी तो टाकू नये. तसा मऊ पुन्हा मिळाला नाही.

कलम ८. राहते घर, दोन खोल्या आणि मागची खोली, माझ्या धाकट्या भावाला. बँकेत जे असेल ते पुतणीला, तिच्या शिक्षणासाठी. घराला मात्र एक अट आहे आणि तिच्यामागे कारण आहे.

अकरा वर्षे माझ्या घराला स्पिरिटचा वास येत होता आणि एक खोली कायम बंद असायची. माझ्या भावाने यावरून तर्क केला की ताई पिते. आधी तो स्वतः काळजीत पडला, मग त्याने बायकोला सांगितले, आणि मग नात्यात कोणी राहिले नाही. लग्नकार्यात बायका मला बाजूला घेऊन हातावर हात ठेवायच्या आणि नुसते सुस्कारे टाकायच्या. एका चुलत भावाने तर दारू सोडवणाऱ्या डॉक्टरांचा पत्ता आणून दिला. खरे सांगितले तर बरण्या जातील, म्हणून मी तो पत्ता निमूट घेतला. भावाने मुलांना माझ्याकडे पाठवणे बंद केले, तेही सोसले.

बरण्या उतरवायला माणूस हवा होता म्हणून मी त्याला बोलावले. तो मागच्या खोलीत उभा राहिला, मांडण्यांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

“म्हणजे तू पीत नव्हतीस?”

“नाही.”

“मग वास?”

“यांचा.”

तो रिकाम्या मांडणीवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड झाकून घेतले. खांदे हलत होते. मला वाटले रडतो आहे, तर हसत होता. मग खरोखरच रडला. म्हणाला, “ताई, मी आईलासुद्धा सांगितलं होतं गं.” आईने मला शेवटपर्यंत काही विचारले नव्हते. फक्त जाताना माझी ओंजळ हुंगल्यासारखी तोंडाशी धरली होती. मला ती माया वाटली. मायाच असणार, मी तसेच धरून चालते.

तर अट अशी. भावाने नात्यातल्या अकरा जणांना, ज्यांची यादी सोबत जोडली आहे, प्रत्यक्ष भेटून, फोनवर नव्हे, सांगावे की ताई कधीही प्यायली नाही. सगळ्यांना सांगून झाले की घर त्याचे. चुलत भावाला त्याने आणलेला पत्ता परत करावा. तो यादीलाच टाचला आहे.

कलम ९. शेवटचे. गेल्या गुरुवारी नव्या बाईंनी मला पहिल्या प्रात्यक्षिकाला बोलावले. बावीस मुलेमुली, प्रत्येक टेबलावर एक बरणी. मागच्या टेबलावरच्या एका मुलीने हात वर केला. समुद्रफूल असलेला खेकडा तिच्यापुढे होता. तिने विचारले, “याच्या आधी या शंखात किती जण राहून गेले?”

नव्या बाईंनी माझ्याकडे पाहिले. मला माहीत नव्हते. मोठ्या बाईंनी कधी विचारले नव्हते, मीही नाही. लेबलावर आम्ही खेकड्याची जात लिहिली, शंखाची जात लिहिली, तारीख लिहिली, पण आधीच्यांचा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही. मी सगळ्यांसमोर सांगितले की मला ठाऊक नाही. असे मोकळेपणाने म्हणून किती वर्षे झाली होती. मग ती मुलगी, मी आणि जवळचे चार-पाच जण ती बरणी घेऊन खिडकीपाशी गेलो आणि उजेडात फिरवून पाहिली. शंखाच्या तोंडाची आतली कड एका बाजूने गुळगुळीत झिजलेली आहे. ती एका खेकड्याने झिजली नसावी. किती जणांनी, ते त्या झिजेवरून काढता येईल का, यावर वर्ग सुटून गेल्यावरही वाद चालू होता.

तो प्रश्न मी त्या वर्गाला ठेवते. त्यासाठी कोणताही शंख मोडून पाहायचा असेल तर एकोणीस सोडून कोणताही मोडावा, माझी हरकत नाही. आणि मी जाईन त्या दिवशी प्रात्यक्षिक असेल, तर ते व्हावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला, दोन्ही साक्षीदारांनी ऐकला, आणि त्यांच्यादेखत मी सही केली.

(सही) लिहून ठेवणारी

साक्षीदार १. (सही) स्टोअरकीपर, निवृत्त
साक्षीदार २. (सही) डॉक्टर, ज्यांनी दाखला दिला तेच

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६, सोमवार, सकाळी अकरा